कड्यानं घेतलेलं नाव

हैबतरावांनी भूगावात चार मजली इमारत बांधली, दर्शनी भिंतीवर संगमरवरात आईचं नाव कोरून घेतलं, 'गोजराबाई निवास', आणि एवढा खर्च करूनही लोक इमारतीला 'गिटारवाली बिल्डिंग' म्हणायला लागले. रिक्षावाले म्हणायचे, दूधवाला म्हणायचा, भाड्यानं राहणारी हिंजवडीची पोरं तर जेवण मागवताना पत्ताच तसा सांगायची. हे सगळं पाप त्यांच्या थोरल्या चिरंजिवांचं, अमोलचं होतं.

अमोल पिरंगुटच्या एका कारखान्यात नोकरी करायचा आणि उरलेला जीव गिटारवर टाकायचा. सुरुवातीला त्यानं गिटारबरोबर आवाज वाढवणारा भलामोठा ॲम्प आणला होता. तो सुरू झाला की खालच्या मजल्यावर मांडणीतली भांडी बोलायला लागायची. हैबतरावांनी दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा बजावलं नाही. अमोल कामावरून परतला तेव्हा ॲम्प भंगारवाल्याच्या टेम्पोत बसून चांदणी चौकाकडे निघाला होता. त्यानंतर कितीतरी दिवस बापलेकांचं बोलणं सुनेमार्फत चालायचं. सून म्हणजे स्नेहल. ती घरी शिकवण्या घ्यायची आणि त्यासाठी तिनं एक टॅब घेतला होता. तो टॅब अमोलनं एका दिवसासाठी म्हणून गच्चीवरच्या खोलीत नेला, तो परत काही खाली आला नाही.

त्या टॅबनं अमोलला वेड लावलं. साबणाच्या वडीएवढी एक डबी होती. तिच्यात एका बाजूनं गिटारची वायर खुपसायची, दुसऱ्या बाजूनं टॅब जोडायचा, कानाला हेडफोन लावायचे. पडद्यावर ॲम्पची, आवाज बदलणाऱ्या पेडलची चित्रं यायची, आणि चित्रातलं बटण बोटानं फिरवलं की आवाज खरोखरीचा फिरायचा. बाहेर उभ्या माणसाला नुसती तारांची कोरडी टिकटिक ऐकू यायची. हैबतराव दारातून डोकावून म्हणायचे, "आता कसं, शान्यावानी वाजवतोय." आणि त्याच वेळी अमोलच्या कानात गर्जना चाललेली असायची. एवढ्याशा काचेत हे सगळं मावतं कसं, याचं त्याला रोज नव्यानं नवल वाटायचं. तिशी उलटलेला माणूस, पण टॅब चालू करताना अजूनही तो हात पुसून घ्यायचा.

त्यात सर्वांत अजब गोष्ट होती जागांची. एक नाव दाबलं की गिटार कुठल्याशा परदेशी चर्चमध्ये वाजायची, दुसरं दाबलं की रिकाम्या नाट्यगृहात. कुणीतरी त्या त्या जागी जाऊन एक मोठा आवाज काढला होता, जागेनं दिलेलं उत्तर टिपून ठेवलं होतं, आणि त्या एका उत्तरावरून टॅबला जागेचा सगळा स्वभाव कळत होता. मग तुम्ही काहीही वाजवा, ती जागा त्याला जसं उत्तर देईल तसंच टॅबमधलं हे ॲप देणार. अमोलला हे कळलं तेव्हा त्यानं गिटार खाली ठेवली. मग त्याच्या मनात आलं, आपण जन्मलो मुळशीत आणि रोज वाजवतो त्या कुठल्या चर्चमध्ये, हे काही खरं नाही. आपल्या जागा आपण टिपायच्या.

दुसऱ्या दिवसापासून साहेब फुगे घेऊन हिंडायला लागले. फुगा फोडायचा आणि त्याचं उत्तर टिपायचं. आधी स्वतःच्या इमारतीचा जिना झाला. मग गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला रिकामी केली तेव्हा हा आत उतरला. लवासात एका अर्धवट इमारतीच्या रिकाम्या हॉलमध्ये फुगा फोडला तेव्हा तिथला राखणदार काठी घेऊन मागं लागला. हे सगळं ऐकून इमारतीचा वॉचमन सुधीर एकदा हसत म्हणाला, "दादा, हितं कुटं फुगं फोडताय? आमच्या वाडीला चला. आमचा कडा बोलतोय."

सुधीर ताम्हिणीकडच्या डोंगरातल्या उंबरवाडीचा. वाडीसमोर दरीपलीकडे एक काळाकभिन्न कडा होता. त्याला हाकेचा कडा म्हणायचे. सुधीरनं अमोलला उन्हाळ्यात तिथं नेलं, मात्र वाडीतल्या कुणाला दिसू नये म्हणून मागच्या वाटेनं. का, ते सांगितलं नाही. अमोलनं फुगा फोडला. आवाज दरीत गेला. एक श्वास घ्यावा इतका वेळ गेला आणि समोरून कड्यानं तो अख्खा परत दिला, जराही न सांडता. अमोल माइक गुंडाळायला लागणार, तोच डावीकडच्या घळीतून तोच आवाज पुन्हा आला, बारीक, थकल्यासारखा.  त्यानं सुधीरकडे पाहिलं. सुधीर चपला काढून उभा होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तो कडा कोसळला. वाडी आधीच सरकारनं खाली हलवली होती, त्यामुळे माणूस दगावलं नाही. पण कड्याचा सगळा दर्शनी भाग दरीत आला आणि हाकेचा कडा मुका झाला. अमोलनं ही बातमी मोबाइलवर पाहिली, हळहळला, आणि विसरला. त्याच सुमारास सुधीरनं आपली आई कृष्णाबाई आणि दिवस भरत आलेली बायको रोहिणी यांना भूगावात आणलं. इमारतीमागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा संसार लागला. भाद्रपदात रोहिणीला मुलगी झाली. मुलगी गोरीगोमटी नव्हती, पण डोळे असे की सगळ्या बिल्डिंगला तिनं कामाला लावलं. हिंजवडीची पोरंसुद्धा जाता-येता तिच्यापुढं माकडचाळे करायची.

माघ लागला तरी त्या मुलीला नाव नव्हतं.

हे आधी स्नेहलच्या ध्यानात आलं. रोहिणी तिच्याकडे स्वयंपाकाला मदत करायची. पोर झोळीत रडायला लागली की ती उठून जायची, उचलायची, पाजायची, पण तोंडानं हाक म्हणून मारायची नाही. सोनी नाही, बबडी नाही, काही नाही. स्नेहलनं खोदून विचारलं तेव्हा रोहिणीनं पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि सांगितलं. उंबरवाडीत लेकराचं नाव आई ठेवत नाही, आत्या ठेवत नाही, कडा ठेवतो. घरातली थोरली बाई कड्यापुढं लेकरू मांडीवर घेऊन हाक मारते, कडा ती दोनदा परत देतो, मग ते नाव. कड्यानं घेतलं नाही तर ते नाव नव्हे. रोहिणीला याआधी एक मुलगा झाला होता. आषाढात झाला, ओढे तुडुंब, कड्यासमोरची वाट बंद. बिननावाचाच राहिला आणि तापात गेला.

"आवाज देऊन मान्साला माघारी बोलवता येतंय, ताई," रोहिणी म्हणाली. "आमच्यात समदी बोलवत्यात. तो चालला व्हता तवा मला दिसत व्हतं, चालला हाय. पन हाक मारायला माज्यापाशी काय व्हतं?"

पोळी करपली. स्नेहलनं गॅस बंद केला. ही मुलगीही बिननावाची राहिली तर रोहिणी आयुष्यभर तिच्याकडे याच भीतीनं पाहत राहणार, हे तिला लख्ख दिसलं. कृष्णाबाई नातीला घेऊन पडक्या कड्यासमोर जाऊनही आली होती. घसा फुटेस्तोवर हाक मारली. हाक गेली ती गेलीच.

स्नेहलनं हे सगळं रात्री जेवताना अमोलला सांगितलं. अमोलनं 'अरेरे' म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. ज्या गोष्टीसाठी खाली एक आई झुरत होती ती आपल्याच खोलीत चार्जिंगला लावलेली आहे, हे या शहाण्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. त्याच्या लेखी तो कडा म्हणजे यादीतलं एक नाव होतं, जिना, टाकी आणि लवासाच्या खालचं.

मग एक रविवार आला. हैबतराव लग्नाला नेऱ्याला गेले होते. बाप गावात नाही म्हटल्यावर अमोलनं हेडफोन काढले, दोन स्पीकर जोडले, खिडकी उघडली आणि यादीत खाली खाली जात कड्याचं नाव दाबलं. बाहेर गच्चीवर कृष्णाबाई कोवळ्या उन्हात पाय पसरून बसली होती. पायांवर नात उताणी, अंगाला तेल, बाई तिचे हातपाय जोडीजोडीनं ओढत होती. अमोलनं एक सूर वाजवला. थोडी उसंत गेली आणि तो सूर समोरून परत आला. मग डावीकडून, बारीक.

कृष्णाबाईचे हात थांबले. तिनं तशीच तेलानं माखलेली नात छातीशी धरली आणि खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आधी तिनं अमोलकडे पाहिलंच नाही. तिनं भिंतींकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, खिडकीतून समोरच्या बिल्डरच्या पाटीकडे पाहिलं.

"कुटनं बोलतोय त्यो?" तिनं विचारलं.

"कोण, मावशी?"

"परत वाजीव."

अमोलनं वाजवलं. सूर आला, आणि घळीतून पुन्हा आला. बाई मटकन उंबऱ्यावर बसली. "आमचाच हाय," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा डावीकडनं येतो. म्हातारा झाल्यावानी. आमचाच हाय त्यो."

तेव्हा कुठं अमोलच्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो असा की त्याला गिटार धरवेना. जो कडा आता जगात कुठंच नव्हता, ज्याचे दगड दरीत पडून त्यांवर गवत उगवलं होतं, तो अजून उत्तर देत होता. एका शिकवणीच्या टॅबमधून. आणि हे आपण इतके महिने खिशात चिल्लर ठेवावी तसं ठेवलं होतं. त्यानं टॅबवर ठेवलेला चहाचा कप आधी उचलला. मग तो टॅब दोन्ही हातांनी धरून उगीचच उभा राहिला.

त्या संध्याकाळी त्यानं त्या आवाजाच्या प्रती जिथं सुचेल तिथं काढून ठेवल्या. जिन्यात सुधीर भेटला. तो खाली मान घालून निघून जायला लागला, तेव्हा अमोलनं त्याला अडवलं. गेले कित्येक महिने हा आपल्याला टाळतो आहे हे त्याला आत्ता जाणवलं.

"दादा," सुधीर चाचरत म्हणाला, "एक इचारू का? फुग्यानं तर न्हाई ना पडला कडा?"

अमोलला हसू फुटलं, पण सुधीरचा चेहरा पाहून ते ओठातच राहिलं. पावसाळ्यापासून हा माणूस पाण्याचा पंप चालू-बंद करताना, गेट उघडताना, रात्री राखण करताना हे ओझं वाहत होता. त्यानं सुधीरच्या खांद्यावर हात ठेवला. "फुग्यानं कडा पडत नाही रे. पण फुगा फोडला नसता तर आज आपल्याकडे काहीच नसतं. तू नेलंस म्हणून हे राहिलं." सुधीर जिन्यातच खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

कृष्णाबाईनं दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला की नातीचं नाव त्या खोलीत घ्यायचं. यावर स्नेहलचं आणि अमोलचं वाजलं. स्नेहलचं म्हणणं सरळ होतं. "त्यांची श्रद्धा आहे, तुझा खेळ आहे. उद्या पोरीला साधा ताप आला तरी रोहिणी म्हणेल कडा खोटा होता. मग काय करशील?"

 अमोल खाली पत्र्याच्या खोलीत गेला आणि त्यानं कृष्णाबाईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. "मावशी, मी खोटं बोलणार नाही. कडा यात नाही. कडा कसं उत्तर द्यायचा, तेवढंच यात आहे."

कृष्णाबाई तांदूळ निवडत होती. तिनं दोन खडे काढून टाकले. "म्हंजी त्याची सवय हाय."

"हो. सवय म्हणा."

"आन त्याला काय तरास न्हाई ना व्हत? कोंडून न्हाई ना घातलाय?"

"नाही, मावशी."

"मग झालं तर. माजा मालक गेला, त्याची तरी काय ऱ्हायली माज्यापाशी? सवयच ऱ्हायली." ती पुन्हा तांदळाकडे वळली. मग रोहिणीकडे न पाहताच म्हणाली, "तुजं काय म्हननं हाय गं?"

रोहिणी मुलीला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती.  "मला ऐकायचंय त्याला," एवढंच म्हणाली.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे गच्चीवरच्या खोलीत जमले. स्नेहलनं खोली झाडून सतरंजी घातली होती. कृष्णाबाईनं टॅबसमोर मूठभर तांदूळ आणि एक नारळ ठेवला, आणि अमोलनं तांदूळ डबीच्या भोकात जाऊ नयेत म्हणून हळूच थोडे बाजूला सारले. हैबतरावांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्याच गच्चीवर आपल्याला न सांगता काय चाललंय हे पाहायला ते वर आलेच.

"काय तमाशा मांडलाय?" ते दारातून म्हणाले.

"मालक, मुकाट्यानं बसा," कृष्णाबाई म्हणाली. हैबतरावांना आयुष्यात भाडेकरूनंसुद्धा असं कधी सुनावलं नव्हतं. ते इतके चकित झाले की खरंच बसले.

कृष्णाबाईनं मग सगळ्यांना बजावलं. लेकरू कड्यापुढं बसलं की शब्द नाही. वाडीत त्या वेळी शेळ्यांच्या घंट्यांमध्ये गवत कोंबतात, कुत्र्याला बांधून घालतात, खोकला येणाऱ्या म्हाताऱ्याला लांब पाठवतात. हाक तीच मारणार, पहिली आणि एकटी. अमोलनं मान डोलावली. पहिली म्हणजे केवढी पहिली, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. हाक मारण्यासाठी त्यानं माइक आणून ठेवला होता. डबीला वायरीची जागा एकच होती. तिथं आत्ता गिटार लावलेली होती. ती काढायची, माइक खुपसायचा आणि बाईच्या हातात द्यायचा, इतकंच काम.

रोहिणीनं मुलगी सासूच्या मांडीवर ठेवली. मुलीचं तोंड स्पीकरकडे केलं. कृष्णाबाईनं पदर डोक्यावरून घेतला. सुधीर भिंतीला टेकून उभा राहिला. खाली रस्त्यावरची रहदारीसुद्धा नेमकी तेव्हा थांबल्यासारखी वाटली. अमोलनं टॅबवर कड्याचं नाव दाबलं.

आणि मग गिटार वाजवणाऱ्या प्रत्येक माणसाचा हात जे करतो ते त्याच्या हातानं केलं. नाव दाबलं की आवाज पोचतोय का ते पाहायचं, ही त्याची हजार दिवसांची सवय. तोंड त्यानं घट्ट मिटलं होतं. कृष्णाबाईनं शब्द नको म्हटलं होतं आणि त्यानं शब्द काढलाच नव्हता. बोटं तारांवर गेली आणि तीन सूर निघाले. एक खालचा, एक वरचा, आणि एक मधला, जरा लांबलेला.

थोडी उसंत गेली. समोरून कड्यानं ते तिन्ही सूर परत दिले.

अमोलनं तारांवर तळहात ठेवला, पण आता काय उपयोग. डावीकडच्या घळीतून ते पुन्हा आले, बारीक आणि सावकाश. 

"झालं," कृष्णाबाई म्हणाली.

"काय झालं?" अमोलनं विचारलं. पण सुधीरचा पांढराफटक चेहरा पाहून त्याला विचारता विचारताच कळलं होतं. "मावशी, ही नुसती चाचणी होती. हे धरू नका. परत करता येतं, हवं तितक्यांदा येतं. आत्ता माइक लावतो."

"कड्याला परत इचारत न्हाईत," कृष्णाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच अमोलला सहन होईना. "लेकरू मांडीवर घिऊन त्याच्याम्होरं बसल्यावर त्यानं जे पयलं घेतलं ते घेतलं. त्यानं दोन्हीदा घेतलं."

"अगं आय, पन ते नाव हाय व्हय?" सुधीर म्हणाला. "दाखल्यावर काय लिवू मी?"

"कागदावर तुला काय लिवायचं ते लिव. कागद काय हाक मारायला येतोय का?"

अमोलनं गिटार भिंतीला टेकवली.  जगातून गेलेल्या कड्याचा उरलेला एकुलता आवाज त्याच्या हाती होता, त्या आवाजाची वाट एक आई पाच महिने पाहत होती, आणि आपण त्यात आपली बोटं घातली. स्नेहलला भीती होती त्याहून वाईट झालं. त्यानं रोहिणीकडे पाहायचा धीर केला. तिची माफी कशी मागायची याचे शब्द तो जुळवत होता.

रोहिणी त्याच्याकडे पाहत नव्हती. ती मुलीकडे पाहत होती. मुलीनं आवाज आला तिकडे, डावीकडे मान वळवली होती, आणि ती तशीच धरून होती. घळीतून आणखी काही येईल म्हणून वाट पाहावी तशी. तेलानं चोपडलेली तिची एक मूठ हवेत उघडी राहिली होती.

"आत्या, तुमी कुटलं नाव काढलं व्हतं मनात?" रोहिणीनं हळूच विचारलं. सासूला ती आत्याच म्हणायची.

"ते आता कशाला?"

रोहिणीनं मान हलवली. मग ती सतरंजीवर पुढं सरकली. तिनं ओठ उघडले, पुन्हा मिटले. पाच महिने जिनं काहीच म्हटलं नव्हतं तिला सुरुवात कुठून करायची ते उमगत नव्हतं. शेवटी तिनं ते तीन सूर गळ्यातून काढले. खालचा, वरचा, आणि मधला, लांबवून. गाणाऱ्या बाईचा गळा नव्हता तो. मधला सूर तर चक्क चुकला.

मुलीची मान वळली. स्पीकरकडून, आजीच्या पदरावरून, सरळ आईकडे.

हैबतरावांनी घसा खाकरला आणि मग खाकरल्याबद्दल स्वतःच ओशाळले. आपण चपला घालूनच आत आलो आहोत हे त्यांच्या आता ध्यानात आलं. त्यांनी बसल्या बसल्या त्या काढल्या आणि दाराबाहेर सारल्या. अमोलला बापाकडे पाहवेना आणि स्नेहलकडेही पाहवेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसावं असं त्याला वाटत नव्हतं. एवढा मोठा कडा. तो पडला, त्यावर गवत उगवलं, आणि जाता जाता त्यानं एका लेकराला हे देऊन ठेवलं होतं. आपण मधे कुठं आलो आणि कसे आलो, हे त्याला काही केल्या समजेना. त्यानं खाली वाकून टॅबपुढचे मघाशी बाजूला सारलेले तांदूळ बोटानं पुन्हा जागेवर आणले.

"आली बघ," कृष्णाबाई सुनेला म्हणाली. "वळली तुज्याकडं."

रोहिणीनं मुलीला उचललं नाही. ती उठली आणि मागं मागं जात दाराबाहेर गेली, गच्चीवर, उन्हात, पार टाकीपर्यंत. सुधीर तिला काही म्हणणार होता, पण कृष्णाबाईनं त्याला हातानं थांबवलं. टाकीपाशी उभी राहून रोहिणीनं लांब गेलेल्या माणसाला मारावी तशी हाक मारली. तीन सूर, या वेळी मोठ्यानं, सगळ्या भूगावाला ऐकू जातील असे. आजीच्या मांडीवरून मुलीनं अंग ताठ करून दाराकडे झेप घेतली, कृष्णाबाईला ती आवरेना.

रोहिणी तिथूनच हसली. मग तिनं पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा एकदा, काही काम नसताना, नुसतीच.